ढोलीचं ठिगळ

चौथीचा वर्ग चालू होता, तेव्हा गोंदियाहून भाताच्या मिलचा दिवाणजी आला. सकाळच्या गाडीने आमगावला उतरून तो तडक शाळेत आला होता. बगलेत छत्री, टोपी घामाने भिजलेली. दारातच उभं राहून त्याने एका बाईचं नाव घेतलं आणि म्हणाला, "कल शाम को गुजर गयीं. शेठजी म्हणाले, बाईंना सांगून ये." मी त्याला म्हटलं, "तुमचा पत्ता चुकला असेल. या नावाची बाई माझ्या ओळखीची नाही." तो बिचारा गोंधळला. मुलीही माझ्याकडे पाहू लागल्या. "अहो, आमच्या शेठाणी..." असं तो चाचरत म्हणाला, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. मी मुलींना शुद्धलेखन लिहायला सांगितलं आणि बाहेर आले. वर्ग सोडला नाही. सोडून करणार काय होते?

त्याला मी खोटं सांगितलं नव्हतं. तीस वर्षं ते नाव मी तोंडाने उच्चारलंच नव्हतं, त्यामुळे ते नाव तिचं आहे हेच मी विसरले होते. आमच्या भागात राखीच्या दुसऱ्या दिवशी भुजलीचा सण असतो. बांबूच्या टोपलीत गहू पेरायचे, अंधाऱ्या खोलीत वाढवायचे आणि त्या दिवशी ते पिवळे कोंब वाजतगाजत बोडीवर, म्हणजे गावतळ्यावर, नेऊन धुवायचे. त्यातले थोडे एकमेकांना द्यायचे. दोन मुलींनी चार माणसांसमोर ते कोंब एकमेकींच्या कानावर खोवले, की त्या जन्माच्या भुजली झाल्या. त्यानंतर एकमेकींचं नाव घ्यायचं नाही, हाक मारायची ती 'भुजली' म्हणूनच. तिची आई ती आपली आई. जात, जमीन, पैसा यांनी मध्ये यायचं नाही. नाव घेतलं, की नातं मोडलं. हा नियम लहान मुलांना सुद्धा ठाऊक असतो. म्हणून याही लेखात तिचं नाव येणार नाही. तिने माझं घेतलं, तो प्रश्न वेगळा.

आमचं गाव दवनीवाड्याच्या बाजूचं. वडिलांची थोडी धानाची शेती होती, पोटापुरती आणि वर थोडी. तिची माय आमच्याकडे कामाला होती. रोवणीच्या दिवसांत सकाळपासून चिखलात उभी राहून परहा, म्हणजे भाताची रोपं, लावायची. तिला वडील नव्हते. ती मायबरोबर आमच्या आवारात यायची आणि आम्ही दोघी दिवसभर उंडारायचो. आमच्या घरात एक मोठी ढोली होती. ढोली म्हणजे बांबूच्या कामट्यांची विणलेली, शेणामातीने सारवलेली, माणसाहून उंच अशी धानाची कोठी. उन्हाळ्यात आम्ही पाडाला आलेले आंबे त्या धानात पुरून ठेवायचो. एका दुपारी आंबा काढायला मी वरून वाकले आणि डोक्यावर आत पडले. वर्ष सरत आलं होतं, धान तळाशी गेलं होतं. डोकं खाली, पाय वर आणि नाकातोंडात धान. ओरडायला तोंड उघडलं की आणखी धान आत जायचं. घरात मोठं माणूस कुणी नव्हतं. तिने वर चढून माझे पाय ओढून पाहिले. ओढवेनात. मग खाली उतरून कोपऱ्यातला विळा घेतला आणि ढोलीची भिंत खालून कापायला लागली. ते विळ्याचं करकरणं मला आतून ऐकू येत होतं... मग एकदम उजेड दिसला आणि धानाबरोबर मीही बाहेर घरंगळले.

तिची माय शेतावरून आली, तो जमिनीवर धानाचा ढीग आणि फाडलेली ढोली. तिने काही न विचारता पोरीला बडवायला सुरुवात केली. "मालकाची ढोली फाडली वो टवळे! आता कोन देईल आपल्याले काम?" माझे वडील मागून आले. त्यांनी माझ्या केसांतलं धान पाहिलं, तिच्या हातातला विळा पाहिला आणि म्हणाले, "मारून कायले रायली वो? ढोली त बुरड विनून देईल. पोरगी कोन विनून देते?" बुरडाने येऊन त्या जागी नव्या कामट्यांचं ठिगळ बसवलं. त्याच श्रावणात आईने आम्हा दोघींना बोडीवर नेऊन भुजली केलं. गावात लोक हसले. "घरधन्याची पोरगी आन् कामवालीची पोरगी, भुजली!" वडिलांनी लक्ष दिलं नाही.

पुढे माझं लग्न रेल्वेत नोकरी असलेल्या माणसाशी झालं आणि मी आमगावला आले, शिकले, शिक्षिका झाले. तिचं लग्न गोंदियात एका तोलाऱ्याशी झालं. मिलवर पोती तोलणं हे त्याचं काम. माणूस हुशार होता. सत्तेचाळीसच्या पुढेमागे, धान्याच्या कंट्रोलच्या दिवसांत, गोंदियात ज्यांनी कमावलं त्यांत तोही होता. कसं कमावलं ते मी कधी विचारलं नाही. आधी मिलमध्ये भागी झाली, मग स्वतःची मिल झाली, मग मिलच्या बाजूला दुमजली घर झालं. त्या घराच्या वास्तुशांतीला मी गेले, तेव्हा ती मला स्वयंपाकघरामागच्या पडवीत घेऊन गेली. जमिनीवर फतकल मारून बसली आणि म्हणाली, "भुजली, मले आता काहीच करा लागत नाही वो. हात कोठी ठेवू, थेच समजून नाही रायला." मी म्हटलं, "माझ्याकडे पाठव. दोन पोरांचे कपडे धुवायचे पडलेत." दोघी खूप हसलो. ती हसणारी बाई मला शेवटची तिथेच दिसली, असं म्हटलं तरी चालेल.

नंतर बदल होत गेले. एकदम नाही, हळूहळू. गोंदियात मिलवाल्यांच्या बायका हिंदी बोलायच्या, तीही बोलू लागली. ते ठीकच आहे, त्या गावात राहायचं तर हिंदी लागतेच. मग तिने आपली बोली माझ्याशीही सोडली. मग एका वैशाखात गेले, तर ती मनगटापर्यंत बाह्यांचं पोलकं घालून बसलेली. कपाळावरून घाम ओघळत होता. "उकडत नाही का गं?" मी विचारलं. ती हळूच म्हणाली, "गोंदन दिसते." आम्ही दोघींनी एकाच बाईकडून हातावर गोंदून घेतलं होतं. माझं गोंदण खडूच्या धुळीत रोज उघडं असतं. शेठाण्यांचे हात मात्र कोरे असतात. पाहुण्यांनी तांदूळ दाखवला, की ती न ओळखल्यासारखं करायची. वासावरून धानाची जात सांगणारी ती बाई! पुढे तिला साखरेचा आजार झाला आणि डॉक्टरांनी भात बंद केला. मिलचा भोंगा, भुशाचा वास, अंगणात तांदळाच्या थप्प्या आणि ताटात ज्वारीची अर्धी भाकरी. तरी आजाराचं तिला एवढं वाटत नसे. तिला भीती होती ती एकाच गोष्टीची... आपण कोण होतो ते कुणाला कळेल, याची.

माझी थोरली मुलगी कुसुम शिकण्यात बरी होती. आमगावात मुलींना पुढे शिकायची सोय नव्हती. भुजली आपण होऊन म्हणाली, "माझ्याकडे ठेव. माझं घर रिकामंच आहे." तिला मूलबाळ नव्हतं. कुसुमला तिच्याकडे ठेवताना मी एक क्षणही विचार केला नाही. भुजलीकडे मुलगी ठेवायला विचार कसला करायचा? तिने तिला चांगलं खाऊपिऊ घातलं, कपडे केले, वेणी घातली, हे मी मुद्दाम लिहिते. त्यात काही कमी नव्हतं.

दुसऱ्या वर्षी दिवाळीला कुसुम घरी आली. मी अनारसे तळत होते, ती पाटावर बसून खसखस लावत होती. सहज म्हणाली, "आई, मावशी लहानपणी ढोलीत पडली होती. माहीत आहे का तुला?"

"कोण म्हणतं?"

"तीच सांगते. पाहुणे आले की नेहमी. डोक्यावर पडली, नाकातोंडात धान गेलं. तिच्याबरोबर कामवालीची पोरगी खेळत होती, ती घाबरून पळूनच गेली. मग मावशीचे वडील स्वतः धावत आले आणि विळ्याने ढोली फाडली. मालगुजार होते ना ते."

अनारसा करपला, तो मी बाजूला काढला. मुलांना असल्या जुन्या गोष्टी सांगत बसायची मला सवय नाही, त्यामुळे कुसुमला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. "आणखी काय काय सांगते?" मी विचारलं. कुसुम सांगत गेली. विहिरीवरचं फणसाचं झाड, बैलांची नावं, तपकीर ओढणारे काका, आईची तांब्याची घागर... सगळं आमचं, कुसुमच्या जन्माआधीचं. आमचं घर, आमची माणसं, माझे वडील. फक्त वडिलांना तिने मालगुजार, म्हणजे अख्ख्या गावाचे जमीनदार, केलं होतं. ते ऐकून वडील पोट धरून हसले असते. मालगुजारी तोवर सरकारने काढून टाकली होती, तेव्हा कोण खरा मालगुजार होता आणि कोण नव्हता, हे गोंदियात तपासायला कोण जातं? घर, मोटर, सोनं हे सगळं तिला घेता आलं होतं. लहानपण बाजारात मिळत नाही. ते तिने माझं उचललं.

तरीही मी मनाला सांगितलं, सांगू दे. गोष्टच आहे. दिवाळीनंतर कुसुमला पोचवायला मीच गेले. बैठकीच्या खोलीत गाद्यांवर दोन पाहुण्या बायका बसल्या होत्या, रायपूरकडच्या, अंगभर दागिने. मी दारात दिसताच भुजलीचा चेहरा उतरला. तो मला स्पष्ट दिसला. मग ती सावरली आणि हसून त्या बायकांना म्हणाली, "ये यमुना है. इसकी माँ हमारे खेत में परहा लगाती थी. बेचारी की लड़की हमारे पास रहके पढ़ती है." आणि मला म्हणाली, "बैठो यमुना, चाय लो."

यमुना. लग्नानंतर सासरच्यांनी हे नाव हजार वेळा घेतलं असेल. पण तिच्या तोंडून ते येताच माझ्या कानशिलावर कुणी चपराक मारावी तसं झालं. त्यातली एक बाई म्हणाली, "बड़ा पुण्य का काम है, बहन." कुसुम चहाचा ट्रे घेऊन आत आली होती. तिने सगळं ऐकलं. आजोळ तिला ठाऊक होतं. दर उन्हाळ्यात ती त्याच विहिरीवर पोहायला जायची. तिने माझ्याकडे पाहिलं. मी कप उचलला आणि चहा प्यायले. मला घाई करायची नव्हती.

मग मी आत गेले. ती मागोमाग आली, दार लोटून घेतलं. मी विचारलं, "माझं नाव घेतलंस?"

"नावच त घेतला. शिवी त नाही देली." हिंदी एका क्षणात गळून पडली होती.

"आणि माय? जिने तुला चिखलात उभं राहून वाढवलं, तिला माझ्या पदरात टाकलंस?"

तिचे डोळे भरले, पण आवाज चढला. "तुले काय कमी पडला वो? तुया बाप, तुया घर, तुयी ढोली, सारा तुयापाशीच हाये. मी नुसता सांगून रायली. सांगल्यानं सरते काय?"

"सरत नाही. पण मग तुझं कुठं गेलं?"

"मायापाशी काय होता?" ती म्हणाली. "सांगासारखा काय होता वो मायापाशी? चिखल?"

मी कुसुमची ट्रंक भरायला घेतली. ती दारात उभी राहून म्हणाली, "पोरीच्या वर्षाचा काय करशील? असा कोनी करते काय?" मी ट्रंकेला कुलूप लावलं. जाताना बैठकीत थांबले आणि त्या दोघींना नमस्कार करून म्हटलं, "चहा छान होता. माझी आई परहा लावायची, ते खरं आहे. आपल्याच शेतात लावायची." एवढंच. यापुढे एक अक्षर बोलले असते, तर गोंदियात तिला तोंड दाखवायला जागा राहिली नसती. ते मी केलं नाही. तिने नातं मोडलं होतं, मी नव्हतं मोडलं.

त्याची किंमत कुसुमने दिली. उरलेलं वर्ष ती पॅसेंजरने गोंदियाला जायची, शाळा भरेपर्यंत स्टेशनवर बायकांच्या खोलीत पुस्तक घेऊन बसायची. इंग्रजीत नापास झाली. पुढच्या वर्षी पास झाली आणि आज ती स्वतः शिक्षिकेचं ट्रेनिंग घेते आहे. पण अजून मला म्हणते, "मावशीने माझं काही वाईट केलं नव्हतं. तुझ्या नावापायी माझं वर्ष गेलं." तिचं म्हणणं चूक नाही. पण ज्या घरात आपल्या आजीला दुसऱ्याची कामवाली म्हणतात, तिथे मुलगी रोज गप्प बसायला शिकली असती. त्यापेक्षा नापास झालेली बरी, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं.

मध्ये एकदा, भुजलीच्या सणाच्या दिवशी, शाळेसमोर तिची मोटर आली. ड्रायव्हरने कापडाने झाकलेली चांदीची वाटी पुढे केली. आत पिवळे कोंब होते. निरोप काही नव्हता. मी कोंब घेतले, वाटी परत पाठवली. मला चांदी घासत बसायला वेळ नाही. पुढच्या वर्षी मोटर आली नाही.

तिच्या तेरवीला मी गेले. मिलच्या अंगणात मांडव होता, बुंदी होती, पंगती होत्या. एक वजनदार गृहस्थ उभे राहून हिंदीत बोलले. माताजींचा दानधर्म, माताजींचं मोठं घराणं आणि मग, अर्थातच, ढोलीची गोष्ट. "नौकर की लड़की तो डर के मारे भाग गयी..." लोक मायेने हसले. मी शेठजींकडे पाहिलं. ते मान खाली घालून पत्रावळीवरची बुंदी बोटाने इकडून तिकडे करत होते. त्यांना सगळं ठाऊक होतं. निघताना ते मला फाटकापर्यंत पोचवायला आले. म्हणाले, "बाई, काय सांगू... थे कहानी ऐकून ऐकून मलेही खरी वाटाले लागली होती." मी म्हटलं, "तिलाही वाटत असेल." ते म्हणाले, "नाही. तिले नव्हती वाटत. जवा सांगे, त्या राती झोपत नसे." गाडीची वेळ झाली होती.

आता या आठवड्यात मी माहेरी आले आहे. घर आता भावाचं आहे. नवीन धान घरात येण्याआधी ढोली सारवायची असते, आणि वहिनीची कंबर धरली आहे, म्हणून ते काम मी घेतलं. ढोली तीच आहे. शेणमाती कालवून मी वरून खाली हात फिरवत आले आणि गुडघ्याच्या उंचीवर हाताला तो उंचवटा लागला. लग्नाआधी सारवताना दर वर्षी लागायचा, दर वर्षी मी त्यावरून हात फिरवून पुढे जायचे. या वेळी थांबले. जुनी माती खरवडून काढली. बुरडाची नवी वीण जुन्या विणीशी आडवी गेलेली आहे आणि कडेला विळ्याच्या दात्यांचे काप अजून दिसतात. वेडेवाकडे, घाईघाईचे, लहान हाताचे...

तेरवीच्या मांडवात मला राग आला होता तो माझ्यासाठी, माझ्या वडिलांसाठी. इथे उकिडवी बसून त्या कापांवरून बोट फिरवताना लक्षात आलं, की आमचं तर काहीच गेलेलं नाही. ढोली इथे आहे, विहीर इथे आहे. गेली ती विळा घेतलेली पोरगी. मार बसणार, मायचं काम जाणार, हे माहीत असून जिने मालकाची ढोली कापली, तिला भुजलीनेच चार पाहुण्यांसमोर भ्याडासारखी पळवून लावलं, एकदा नव्हे, वर्षानुवर्षं. सांगण्यासारखं काय होतं, असं विचारत होतीस ना भुजली? हे होतं.

मी बाकीची ढोली सारवून घेतली. हात धुवायला उठले, तेव्हा वहिनी दारातून पाहून म्हणाली, "बाई, येवढा राहून गेला वो."

मी म्हटलं, "राहू दे. वीण पक्की आहे. धान गळत नाही त्यातून."